दुखवट्यातलं गाणं

१९४१ साली मलायातल्या पिनांगच्या बड्या लोकांनी युद्ध नाचून लढायचं ठरवलं होतं. दर शनिवारी कुठल्या तरी निधीसाठी नाच. दिवेबंदीमुळे तो दुपारीच उरकावा लागे, एवढीच काय ती झळ. त्या झगमगाटात खरं काळीज एकीचंच होतं. ग्वात किमचं.

व्हायोलिनच्या साथीवर दोघांनी चार-चार ओळी जागच्या जागी रचून टोले हाणायचे, उत्तर सुचलं नाही तो हरला, या खेळात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. दुखवट्याचे काळे कपडे उतरून ती निळ्यावर आली होती. सोनं बंद, गाणं तर बंदच.

आणि नेमका इस्पितळातल्या खाटांसाठी नाच निघाला, त्यात हा गाण्याचा सामनाही होता. खाट नाही म्हणून तिचा नवरा त्याच इस्पितळाच्या व्हरांड्यात वारला होता.

"आई, मी गाणार आहे," तिनं सासूला सांगितलं.

पोह सुआन कडाडली, "माझ्या लेकाचा दुखवटा वेशीला टांगतेस? जा. पण परत या दारात पाऊल टाकू नकोस!"

ग्वात किम गेली. या घराखेरीज तिला दुसरा आसरा नव्हता.

नाच भरवणाऱ्या समितीच्या बायकांनी रंगीत सारोंग पुढे केला. "अहो, जरा शोभेसं नेसा."

"नाच तुमचा आहे, बाई. नवरा माझा गेलाय," ती म्हणाली आणि निळ्यातच उभी राहिली.

समोर केंग हो, जन्माचा चावट. पिकला आंबा झाडावर किती दिवस ठेवायचा, असं त्यानं गाऊन विचारलं. लोक खिदळले. तिनं उत्तर दिलं:

"खाडीपल्याड नाव थांबली,
शीड आहे, वारा नाही;
ज्याच्यासाठी फुलं माळली
तो परत येणारा नाही."

केंग होनं हार मानली. मग खाली मान घालून तिला नमस्कार केला.

घरी दाराला आतून कडी होती. "काय गायलीस?" आतून सासूचा आवाज आला. तिनं ओळी म्हटल्या. मग जिनं जन्मात एक ओळ जुळवली नव्हती ती म्हातारी अडखळत गायली:

"ओहोटीला समुद्र गेला,
रेतीत होडी एकटी उरली;
लेक माझा निघून गेला,
सुनेवर कडी मी का घातली?"

दार उघडलं.

डिसेंबरात जपानी बॉम्ब पडले. नाचणारे गोरे साहेब आणि मडमा गुपचूप बोटीनं पसार झाले. जखमींनी खाटा भरल्या, व्हरांडे भरले. सासू-सून रोज पाणी पाजायला जात. एकदा एक पोरगी वेदनेनं ओरडत होती. ग्वात किमनं गायला तोंड उघडलं, सासूकडे पाहिलं आणि थांबली.

"थांबतेस काय? गा," म्हातारी म्हणाली, "दुखवट्याचं मी लेकाला सांगेन."