लांबी भरलेले गोळे

आमचे भाऊजी, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, मोटारींच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं लांबी भरत होते. पत्र्यात खड्डा दिसला की लांबीचा लगदा दाबायचा, वाळला की घासायचा, वर रंग. "माझा खड्डा शोधून दाखवा, मिशी उतरवतो," म्हणायचे. मिशी शाबूत राहिली.

युद्ध सुरू झालं आणि तिथे मोटारींऐवजी तोफगोळे होऊ लागले. भाऊजींकडे गोळ्यांची कवचं रंगवायचं काम आलं. माझा मुलगा तोवर तोफखान्यात भरती होऊन आघाडीवर गेला होता.

एका रविवारी जेवताना भाऊजी सहज म्हणाले, "ओतकाम अगदीच गबाळं येतंय. कवचांना भोकं काय, चिरा काय! मी आपली लांबी भरून गुळगुळीत करतो. तपासनीसाला पत्ताही लागत नाही."

मुलाने सुट्टीत सांगितलं होतं, चिरलेला गोळा तोफेतच फुटतो, आणि तोफेपाशी असलेलं कोणी उरत नाही. मी ते बोलून दाखवलं.

भाऊजी पांढरेफटक पडले. "अगं, पण मोटारीला चालतं..."

"किती भरलेत?"

"चाळीस. पेट्या गेल्यासुद्धा."

"उद्या जाऊन सांगा."

जाऊबाई ताडकन उठल्या. "तुझ्या पोरापायी माझ्या नवऱ्याला तुरुंगात धाडतेस होय गं?"

"तू गप," भाऊजी म्हणाले. "तो काय तिचा एकटीचा आहे? माझ्या खांद्यावर बसून वाढलाय."

सोमवारी त्यांनी सांगितलं. घातपाताचा आरोप ठेवून त्यांना तिथूनच नेलं. पेट्या परत मागवल्या, पण लांबी कुठल्या गोळ्यांत आहे ते कोणालाच ओळखता येईना. शेवटी बेड्या घालून भाऊजींनाच आणलं. दोन दिवस ते एकेका गोळ्यावर नख फिरवत बसले. एकतीस निघाले. उरलेल्या नऊ गोळ्यांची पेटी आधीच आघाडीवर पोहोचली होती. कुठल्या तोफेवर, ते कोणी सांगत नाही.

जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. भेटीच्या दिवशी आम्ही एकाच बाकावर, दोन टोकांना बसतो. भाऊजी गजांमागून पहिलं विचारतात, "पत्र आलं?"

मुलाचं शेवटचं पत्र येऊन काल अडतीस दिवस झाले. काल त्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जाऊबाईंना म्हणाले, "हिला घरी एकटी सोडू नकोस."