पदराआडचा दात

माझ्या मामाची विहीर माझ्या एका दातामुळे ढासळली. निदान मामाचे म्हणणे तसे होते, आणि मामापुढे बोलायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. माझी तर कोणापुढेच नव्हती.

दात वरचा. समोरच्या दोन मोठ्या दातांच्या मधोमध, ज्वारीच्या दाण्याएवढा, टोकदार, न बोलावता आलेला. वरचा दात अवेळी आला की मामाला जड जातो, ही आमच्या दुसरबीडकडची जुनी समजूत. (ती तान्ह्या लेकरांच्या दातांची आहे, मामाने माझ्यासाठी ती वाढवून घेतली.) दात दिसला त्या वर्षी मामाचा बैल गेला, मग विहीर, मग डोक्यावरचे केस!

आईची काळजी वेगळीच होती. मला पाहायला आलेली दोन स्थळे पोहे खाऊन गेली ती गेलीच. तिसरे येत्या सोमवारी यायचे होते. बाबांनी सांगून टाकले, "हेबी गेलं तर धाकटीले उजवून टाकू. हिची वाट कुठवर पाहाची?" मी चुलीमागे बसून रडले. तोंड मिटून.

"उपटून टाकू," मामा म्हणाला. "मी नेतो तिले देऊळगाव राजाले. माह्या जिवावर उठलेला दात हाय तो!"

देऊळगाव राजाला बाजाराच्या दिवशी जालन्याहून एक दातांचे डॉक्टर येत आणि कापडदुकानाच्या माडीवर खुर्ची मांडत. मला पाहताच म्हणाले, "बाई, तोंड उघडा."

मी पदर नाकापर्यंत ओढला. परक्या पुरुषापुढे आ करायचा? त्यापेक्षा मामाची दुसरी विहीर ढासळली तरी चालेल!

"पोरगी तोंड उघडल," मामाने अट घातली, "पण पदर निघनार नाही. लग्नाची पोरगी हाय."

"अहो, मग मला दिसणार कसं?"

"दिसाले काय लागते? मधातला दात हाय. चाचपा!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि मग तोच हात पदराखाली घातला. (धुतला होता का, हे विचारायचीही मला लाज वाटली.) सुई टोचली. थोडे थांबून त्यांनी विचारले, "बधिर झालं का?"

"झालं," मामा म्हणाला.

झाले नव्हते!

"हाच ना?" डॉक्टरांनी चिमट्यात एक दात धरला. तो मोठा होता, शेजारचा होता, अगदी सख्खा होता! मी "अं! अं!" केले.

"हो म्हनते," मामा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो. बाई, मान हलवून सांगा."

मी जिवाच्या आकांताने 'नाही' म्हणून मान हलवली. पण दात चिमट्यात होता. अर्धा तर माझ्याच मान हलवण्याने निघाला! उरलेला डॉक्टरांनी काढला.

मामाने दात उजेडात धरला आणि खूश झाला. "बापा, एवढा मोठा? तरीच बैल गेला!" त्याने लगेच गावातल्या बालाजीच्या देवळात पेढे ठेवले आणि दोन मलाही दिले. पेढे हातात धरून मी घरापर्यंत गप्प.

घरी आईने माझा पदर उचलला आणि मटकन खाली बसली. "अरे दादा, हा तं इथंच हाय!"

"मंग उपटला तो कोनाचा होता?" मामाने विचारले. (माझ्याकडे पाहून!)

आता तोंडात खिंडार, आणि खिंडारात एकटा तो ज्वारीचा दाणा. सोमवारी सकाळी काकूने युक्ती काढली. खोबऱ्याचा तुकडा दाताएवढा कोरून खिंडारात बसवला. "पांढरा हाय, वल्ला हाय, कोनाले कळत नाही. फक्त तोंड उघडू नको."

एवढे मला जमण्यासारखे होते. पण मुलाच्या आईने विचारले, "नाव काय व तुहं?"

नाव तर सांगायलाच हवे. मी नावाचे पहिले अक्षर उच्चारले आणि खोबरे निसटून जिभेवर आले. बाहेर काढू? सगळ्यांदेखत? मी ते चावायला लागले.

"काय खाऊन राह्यली व ही?"

आई गोरीमोरी झाली. मामा मदतीला धावला. "सुपारी!"

"पाहाले बसली अन् सुपारी? लय धीट हाय बाई पोरगी!"

मला आयुष्यात कोणी धीट म्हटले ते तेवढेच. बाबांनी धाकटीकडे पाहिले. मला मामाच्या त्या ढासळलेल्या विहिरीत जाऊन बसावेसे वाटले. तेवढ्यात इतका वेळ पोह्यांत मान घालून बसलेला मुलगा म्हणाला, "बोलत तं नाही ना? मंग चालते मले."

असे माझे लग्न ठरले.

पुढे माझे खरे दात एकेक करून गेले. राहिला तो फक्त जादाचा. न बोलावता आलेला पाहुणाच सगळ्यांच्या शेवटी उठतो! पण इतक्या वर्षांत माझा त्याच्यावर जीव जडला. भाकरी कुस्करून खायचे, पण दोरा तोडायला तोच होता.

गेल्या महिन्यात आम्ही दोघे माझी कवळी बसवायला गेलो. मी घरूनच ठरवले होते: या वेळी पदर बाजूला करायचा आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचे, हा ठेवा. पदर बाजूला केला. तरुण डॉक्टरांनी त्या दाताला चिमटा लावून पाहिला. "आजी, हा एकच उरलाय, तोही हलतोय. काढू की ठेवू?"

मी बोलायला जीभ उचलली.

"काढा," शेजारून हे म्हणाले.

मी जोरात 'नाही' म्हणून मान हलवली. या वेळी तो अख्खा निघाला!