दादाने निवडलेली बोट

मी निघाले तेव्हा पाटसच्या फाट्यावर सोडायला फक्त आई आली होती. दादा आला नाही. उसाला तोड आली होती, हे कारण. एसटीचं दार लागता लागता आई म्हणाली, "तिकडं जेवलीस का म्हणून इचारणारं कुणी नसंल. आपलं आपण जेवायचं." ती रडली नाही, मीही नाही. रांजणगावच्या कारखान्यातल्या नोकरीने मला ॲम्स्टरडॅमला आणलं, त्याला आता वीस वर्षं होतील.

गेल्या उन्हाळ्यात दादा आईला घेऊन आला. तिकिटं त्यानेच काढली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

घरून माणसं आली की इथल्या कालव्यांतली फेरी चुकत नाही. माझ्यासारखे बाहेर पडलेले जे कोणी हे वाचत असतील त्यांना सांगते, बोट निवडताना फोटो बघू नका. पायऱ्या किती, छप्पर आहे का, संडास आहे का, एवढं विचारा. आईचे गुडघे गेलेले. तिच्यासाठी काचेच्या छताची मोठी बोटच योग्य होती. धक्क्यावरून जवळजवळ सपाट आत जायचं, पाऊस नाही, वारा नाही.

दादाला ती नको होती. "शंभर माणसांत मेंढरावानी कशाला बसायचं? आपली आपण चालवायची घे. गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून भीमा पार केलीय आपण!"

हे खरं आहे. गुळाची ती भलीमोठी कढई आमच्याकडे होडी म्हणूनही चालायची. पण काहिलीला ना तोंड ना शेपूट. गरगर फिरली तरी पोचते. मला वाटलं, नुसती बढाई आहे. ऐकलं त्याचं. विजेवर चालणारी छोटी उघडी बोट घेतली. आईला दोघांनी धरून आत उतरवलं.

बोट वळवायचा मागचा दांडा हातातून सोडू नको, असं मी दोनदा बजावलं. "ट्रॅक्टर चालवतो मी. मला नको शिकवू." आणि शेतात नांगरटीच्या सरळ तासाला लागलेल्या ट्रॅक्टरवर माणूस हात सोडून मागे वळून बघतो, तसा त्याने दांडा सोडला आणि पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली.

हक्कसोडपत्र. वडील, म्हणजे आप्पा, गेल्यावर सात-बाऱ्यावर आईसह आम्हा भावंडांची नावं लागली; त्यातलं माझं त्याला काढायचं होतं. आमच्याकडे बहिणी मुकाट सही देतात. बदल्यात साडी-चोळी आणि माहेर. मोठ्या बोटीत मी उठून दुसरीकडे जाऊन बसले असते. इथे समोर आई आणि चारी बाजूंनी पाणी. बोट त्यासाठी निवडली होती.

"उद्या दूतावासात जाऊन सही ठोकायची. आत्ता आईसमूर व्हय म्हण."

"नाही."

"आई, सांग हिला."

"दे बाई," आई म्हणाली. "तुला काय कमी हाय?"

"तुझं नाव कुठाय आई सात-बाऱ्यावर?"

"मी दिलं की सोडून."

"आणि झोपतेस कुठं आता?"

आई पाण्याकडे बघत म्हणाली, "पडवीत."

"पडवीत पंखा लावलाय की!" दादा ओरडला.

तोवर बोट पुलाखाली आडवी झाली होती. मागे काचेची मोठी बोट येऊन भोंगा वाजवत थांबली. आतली माणसं आमचे फोटो काढत होती. मी दादाला बाजूला सारून दांडा धरला.

"तुझं माहेर संपलं असं समज," तो म्हणाला.

"पाय आत घे. भिंतीला लागेल."

ती दोघं गावी परत गेली. आता भावजय फोन उचलत नाही, आणि आईचा फोन दादाच्या खिशात असतो. उद्या गावी गेले तर दौंडला लॉज बघावा लागेल. बघेन.

मी दादाला लेखी कळवलंय: आईच्या नावावर एक खोली होऊ दे, दाराला आतून कडी असलेली, मग सहीचं बोलू. उत्तर आलेलं नाही. तोवर माझं घर कुठे, असं कोणी विचारलं तर मी आठवणी सांगत बसणार नाही. तलाठ्याकडे जा आणि उतारा काढून बघा. अजून आहे नाव.