नव्वद चिठ्ठ्या

बँकेच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला टोकनचं यंत्र आणि त्याच्यासमोर चौकशीची खिडकी. त्या खिडकीमागे बावीस वर्षं एकच बाई बसली. तिचं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच; लोकांसाठी ती चौकशीताई.

नियम साधा होता. यंत्राचं बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची, नंबर लागला की खिडकीशी यायचं. यंत्र आलं त्याच आठवड्यात ताईने हा नियम गुंडाळून ठेवला. कुणाला बटण दिसत नसे, कुणाचे गुडघे धरलेले. "या हो काका, चिठ्ठी कशाला? मी काय ओळखत नाही तुम्हाला?" असं म्हणून ती सरळ खुर्ची पुढे ओढायची. माणसं खूश, ताई खूश. यंत्र बापडं मुकाट उभं.

मग वरच्या ऑफिसातून पत्र आलं. ही शाखा धरून आसपासच्या पाच शाखांतल्या चौकशीच्या खिडक्या बंद होणार, लोकांनी यापुढे फोनवरून विचारायचं. खिडकी एकच राहणार, जिथे महिनाभरात सर्वांत जास्त टोकनं निघतील तिथली.

"तुमच्या खिडकीवर दिवसाला अकरा माणसं येतात," मॅनेजर म्हणाले.

"अकरा तर माझी चहाच्या आधीच होतात, साहेब."

"होत असतील. यंत्राला माहीत नाही."

ताईच्या नवऱ्याचा छापखाना बंद पडून तीन वर्षं झाली होती, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि घर चालत होतं या एका खिडकीवर. तिने बाहेरही विचारून पाहिलं. फोनवर बोलायच्या नोकरीला तिशीच्या आतले हवे होते. दुसऱ्या बँकेने विचारलं, महिन्याला किती विमे विकाल? तिने आजवर कुणाला काही विकलं नव्हतं, फक्त समजावून सांगितलं होतं. समजावून सांगणाऱ्याला आता कुठे भाव आहे?

"बावीस वर्षं लोकांना वाट दाखवलीस," नवरा म्हणाला, "आता आपल्याला कोण दाखवणार?" विनोद करायला गेला, पण हसलं कोणीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती येईल त्याला यंत्राकडे परत धाडू लागली. काठी टेकत आलेल्या एका आजींनाही धाडलं, आणि मग तिला दिवसभर स्वतःचीच लाज वाटली. माणसं दुखावली. "ताई, तुम्हीपण?" असं खिडकीवर नेहमी येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी विचारलं तेव्हा तिला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं.

त्यानंतर दिवसाच्या टोकनांचा आकडा चढू लागला. चाळीस झाले, साठ झाले, महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तर एकशे अठरा. नंबर पुकारला जाई आणि खिडकीशी कुणीच येत नसे. कंटाळून गेले असतील, असं ती स्वतःला सांगायची. शंका तिला आली होती, खोटं कशाला बोला. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि त्या काडीची चौकशी कोण करत बसतो?

चौकशी वरच्यांनी केली. कॅमेऱ्यात एक म्हातारा सकाळी दहापासून यंत्रापाशी उभा दिसत होता. बटण दाबायचा, चिठ्ठी खिशात घालायचा, पुन्हा दाबायचा. त्यांनी ताईचा महिन्याचा सगळा हिशेब रद्द केला आणि खिडकी दुसऱ्या शाखेला दिली. तिच्या कागदावर 'गैरप्रकार' असा शेरा आला. तो शेरा वाचून आता तिला दुसरं कोण दारात उभं करणार होतं?

"मी कुणाला असं करायला सांगितलं नव्हतं, साहेब."

"मला ठाऊक आहे. वर कोण ऐकतंय?"

खिडकीच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी दुपारी मास्तर आले. आल्या आल्या त्यांनी खिशातून रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून खिडकीत ठेवला.

"त्या सोमवारी एकट्याने नव्वद काढल्या, ताई. पाय बोलायला लागले, पण हटलो नाही." त्यांचा चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा झाला होता. "राहिली ना खिडकी?"

ताईने गठ्ठ्याकडे पाहिलं. तिला रडू आलं, रागही आला, आणि राग काढावा असं समोर कुणी नव्हतं.

"राहिली, मास्तर. तुमच्यामुळे राहिली."

"मग झालं तर. आता सोमवारी निवांत येतो, पेन्शनचा फॉर्म भरायचाय."

"सोमवारी कशाला?" असं म्हणत तिने खुर्ची पुढे ओढली. "बसा, आजच भरून टाकू."