सैल ठेवलेलं स्टेअरिंग

आमच्या गाडीचं स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं, की मग कुठे पुढच्या चाकांना खबर लागायची. गाडी लढाईच्या आधीची, मुंबईच्या कुठल्याशा शेठने वापरून वापरून काढून टाकलेली. केळव्याच्या वाडीतून विड्याच्या पानांचे करंडे स्टेशनावर न्यायचे असले, की आमचे दादा, म्हणजे माझे वडील, स्टेअरिंग दोन्ही हातांनी सारखं डावी-उजवीकडे हलवत राहायचे, ताक घुसळल्यासारखं. गाडी मात्र सरळ जायची. हिला माझाच हात कळतो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

मला ती गाडी चालवायची होती. मॅट्रिक झाले होते, स्थळं बघणं सुरू झालं होतं, आणि एकदा सासरी गेल्यावर कोण मला गाडीला हात लावू देणार होतं? मी दादांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी वैतागून चार माणसांसमोर ते म्हणाले, "स्टेअरिंग घट्ट झालं की शिकवतो तुला. शब्द हाय माझा." दादा शब्द मोडत नाहीत हे गावाला ठाऊक होतं. आणि स्टेअरिंग घट्ट होणार नाही हे दादांना ठाऊक होतं. लबाड माणूस!

तेव्हा तारापूरकडे मोठं बांधकाम निघालं होतं, आणि ट्रकांच्या मागोमाग बोईसरला मिस्त्री आले होते. दादा गाडी तिथे नेत, मिस्त्री स्टेअरिंग आवळून देई, आणि आठवड्याभरात ते पुन्हा सैल. म्हातारी झाली बिचारी, असं म्हणून दादा बॉनेटवरून हात फिरवत. मागच्या खेपेला मीही सोबत गेले होते, आणि मिस्त्री काय करतो ते डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं. स्टेअरिंगच्या दांड्याच्या तळाशी एक लोखंडी पेटी असते. तिच्यावर एक स्क्रू, आणि स्क्रू जागचा हलू नये म्हणून त्यावर एक नट. नट सोडायचा, स्क्रू थोडा आवळायचा, नट पुन्हा घट्ट करायचा. एवढंच!

एका दुपारी दादा जेवून घोरायला लागले, तशी मी पाना घेतला आणि आईला गाडीत बसवलं. ती स्टेअरिंग हलवणार, आणि चाकं लगेच हलतात का ते मी बघणार. नऊवारी सावरत ती बसली खरी, पण तिला इतकं हसू येत होतं की मला दोनदा तिला दटावावं लागलं.

नटाला पाना लावला आणि मी चाटच पडले. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने खिळासुद्धा चार दिवसांत गंजतो. हा नट चकचकीत होता, आणि बोट लावल्यासारखा सुटला. मी आईला दाखवलं. तिने पदर तोंडाला लावला आणि सांगितलं, की बोईसरहून आलं की दुपारी दादाच पाना घेऊन गाडीखाली शिरतात, आणि कपाळाला ग्रीस लावून बाहेर येतात.

कारण उघड होतं. आमच्या आळीत मागायला आलेल्याला नाही म्हणायची रीत नाही. शिडी असो, परात असो, बैल असो, द्यायचंच. आणि दिलेलं परत मागणं त्याहून वाईट. गाडी धडधाकट असती, तर दादांना ती फक्त दुसऱ्यांच्या वरातीत दिसली असती. सैल स्टेअरिंगच्या भीतीने कोणी मागत नव्हतं.

मी स्क्रू आवळला, अगदी बेताने.

सकाळी दादा करंडे घेऊन निघाले. हात सवयीने घुसळायला लागले, आणि गाडी ताडी प्यायल्यासारखी रस्ताभर हेलकावे खात शेजारच्या काकांच्या केळींत शिरली. दादांना खरचटलंसुद्धा नाही, पण केळी आडव्या झाल्या. काका धावत आले, मागोमाग मी आणि आईही. त्यांनी खिडकीतून हात घालून स्टेअरिंग हलवून बघितलं, ते घट्ट लागलं, आणि केळींचं दुःख क्षणात विसरले. पोरीच्या साखरपुड्याला वाणगावला जायचंय, गाडी हवीच, म्हणाले.

दादांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग मधाळ आवाजात म्हणाले, "न्या की. पण आता ही चालवते. शब्द दिलाय मी."

काकांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि ते मागे सरले. दादांच्या डोळ्यांत हसू आलं. मला असा संताप आला! म्हणजे स्टेअरिंगची बुजगावण्याची नोकरी आता मला दिली होती. शिकवायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

"मग आत्ताच शिकवा," मी म्हटलं.

लग्नानंतर नवऱ्याला विचारून बघू, असं काहीतरी दादा पुटपुटले. पण काकांचे कान तिखट. ते परत पुढे आले. "पोरगी चालवत नाय, मंग मीच नेतो ना गाडी."

दादांनी काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कुंपणाशी उभ्या आईकडे बघितलं, तर ती नारळाच्या शेंड्यांकडे बघत होती. मग ते उतरले, गाडीला वळसा घालून गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा डावीकडच्या सीटवर बसले.

"रिव्हर्स आधी शीक," ते म्हणाले. "केळीतून निघायला पायजे."

मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. समोरचं काही दिसेना, मी भलतंच पेडल दाबलं, आणि काकांची उरलेली केळही आडवी झाली.