पेशन्सची फुली

दीनानाथ वाळिंबे माणसाला त्याच्या कागदपत्रांवरून जोखत, आणि त्या परीक्षेत बहुतेक सगळी दुनिया नापास होई. सातारच्या जिल्हा न्यायालयात त्यांनी एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं होतं. न्यायाधीश आले नि गेले, वकील म्हातारे झाले, पण कुठल्या गठ्ठ्यात कुठला निकाल आहे हे एकट्या वाळिंब्यांना ठाऊक. ह्या गोष्टीचा त्यांना इतका गर्व होता, की जगात आणखीही काही ठाऊक असण्यासारखं असतं असं त्यांना कधी वाटलंच नाही.

२००७ साली ते परदेशात, हॅमिल्टनला मुलाकडे राहायला आले. गावाबद्दलचं मत पहिल्याच आठवड्यात पक्कं झालं. रस्ते आहेत, पण रस्त्यावर माणूस नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात. बँकेत पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून जातात. मुलगा यशोधन आणि सून स्वप्ना दोघंही नोकरीला जात, त्यामुळे ही मतं ऐकून घ्यायला दिवसभर घरात कुणी नसे. म्हणून स्वप्नाने शोधून काढलं, की दर बुधवारी एका हॉलमध्ये वंशावळी शोधणारी मंडळी जमतात आणि तिथे जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचणारा माणूस हवा आहे.

"बाबा, मी तुम्हाला साडेनऊला ड्रॉप करते, दोनला पिकअप. खूप छान लोक आहेत, हीप्स ऑफ कागद आहेत तिथे."

"कागद असतील. वाचणारे दिसत नाहीत," दीनानाथ म्हणाले, आणि दुसऱ्याच बुधवारी कोट घालून तयार झाले.

त्या मंडळींची त्यांना कीवच आली. कुणाला पूर्वजांत सरदार हवा होता, कुणाला निदान जहाजाचा कप्तान. इंटरनेटवरून कुणाचीतरी वंशावळ उतरवून घ्यायची आणि चहाबरोबर मिरवायची, मूळ कागद बघायचं नाव नाही. मंडळाचे अध्यक्ष तर दस्ताची तारीख कुठे असते तेही शोधत बसत. एकट्या नोएलीनबाईंना मात्र दीनानाथ हसत नसत. बाई शहात्तर वर्षांच्या होत्या, आणि त्यांची दृष्टी जात चालली होती. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली होती. त्यांचे खापरपणजोबा अमेरिकेतून देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावरून इथे आले होते, आणि घरातल्या बायबलच्या पहिल्या पानावर सगळ्यांत जुनं नाव होतं पेशन्स टकर. ही पेशन्स कुणाची कोण, हे डोळे आहेत तोवर कळावं, एवढीच बाईंची इच्छा. अध्यक्षांनी त्यांना निकाल देऊन टाकला होता: कनेक्टिकटच्या ज्या जोसाया टकरची ती मुलगी असावी असं बाईंना वाटतं, त्याला तीन मुलगे होते, मुलगी नव्हती. वाटपाच्या हुकमात तिचं नाव नाही.

"हुकमात नाव नाही म्हणजे मुलगीच नाही?" दीनानाथ कडाडले. "हुकूम हा फाइलचा शेवट असतो, साहेब. पूर्ण फाइल मागवा."

फाइलची मायक्रोफिल्म अमेरिकेतून यायला सहा आठवडे लागले. दीनानाथांनी यंत्राच्या खोक्यात डोकं घातलं आणि तासाभरात बोट ठेवलं. सन १७४३. जोसाया टकरची मुलगी पेशन्स, वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भाऊ नथॅनिएल ह्यास प्रेम व माया ह्यांपोटी सोडून देत आहे. खाली सहीच्या जागी एक वेडीवाकडी फुली.

नोएलीनबाई रडल्याच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांनाही वाजवाव्या लागल्या. दीनानाथांनी चष्मा पुसत भाषण ठोकलं.

"ह्याला आम्ही हक्कसोडपत्र म्हणतो. आमच्याकडे बहिणी भावासाठी हे आनंदाने करतात. माझीच बहीण कराडला असते. आमच्या वडिलांची हायवेलगतची जमीन आहे, त्यातला आपला वाटा ती माझ्या नावे सोडतेय. मसुदा मीच इथून लिहून पाठवलाय."

ह्या बहिणीला, उर्मिलेला, तिचं मत त्यांनी विचारलं नव्हतं. त्यात विचारायचं काय, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ती विधवा, भाचा तिला रजिस्ट्रार कचेरीत घेऊन जाणार, काम पाच मिनिटांचं. सातारच्या रेकॉर्डात अशी शेकडो पत्रं त्यांनी लावली होती, आणि एकाही बहिणीचं तोंड त्यांना आठवत नव्हतं.

नोएलीनबाईंचं मात्र एवढ्यावर भागेना. पेशन्स मुलगी ठरली, पण पुढे तिचं काय झालं? दीनानाथ म्हणाले, पुढे काही नसतं, हक्कसोडीनंतर फाइल बंद. बाईंनी त्यांना न जुमानता कोर्टाच्या रोजकामाची, म्हणजे दररोजच्या सुनावणीच्या नोंदींची, फिल्म मागवली. ती जुलैतल्या एका बुधवारी आली. बाईंना आता अक्षर दिसत नव्हतं, म्हणून दीनानाथ मोठ्याने वाचू लागले आणि सगळे भोवती जमले.

पेशन्स टकर, अविवाहित, जातीने कोर्टासमोर उभी राहिली. तिने सांगितलं, की मी सूत कातत असता भाऊ कागद घेऊन आला. बापाच्या दफनाचा कागद आहे म्हणाला. वाचून दाखवला नाही. मला वाचता येत नाही. भाऊ आहे म्हणून मी फुली केली. कोर्टाने ते पत्र रद्द केलं आणि पेशन्सला तिचा वाटा देवविला.

"शाब्बास!" नोएलीनबाईंनी टेबलावर हात आपटला. "आणि तो हलकट! सख्ख्या बहिणीला असं फसवणारा माणूस असतो तरी कसा?"

ज्या माणसाकडे जगातल्या प्रत्येकाविषयी शेरा तयार असे, तो फिल्म गुंडाळू लागला.

"दीना, तुमच्या बहिणीला वाचता येतं ना?" बाईंनी सहज विचारलं.

"येतं तर! सातवी पास आहे," दीनानाथ घाईघाईने म्हणाले, आणि त्यांना फार बरं वाटलं.

घरी येताना गाडीत त्यांनी स्वप्नापुढे स्वतःची बाजू मांडून पाहिली. नथॅनिएल लबाड होता, आपण काही लबाडी केलेली नाही. मसुदा शुद्ध मराठीत आहे. तरीही उर्मिलेला फोन करावा, आधी नीट वाच म्हणावं, नको असेल तर नको करूस म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं. हे मनात येणं ही त्यांच्या आयुष्यातली बहुधा पहिलीच मोठी गोष्ट होती, आणि ती त्यांनी लगेच पुढे ढकलली. आता ती पूजेत असेल. आता चहा करत असेल. स्वप्नाने दोनदा विचारलं, "बाबा, कॉल लावून देऊ का कराडला?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "बघू."

साडेसहाला फोन वाजला. तिकडे दुपारचे बारा झाले होते.

"दादा, झालं हो. सही करून आले," उर्मिला म्हणाली. तिचा आवाज धाप लागल्यासारखा येत होता. "तिथले साहेब विचारत होते, मावशी, वाचलंत का? म्हटलं, माझ्या दादाने लिहिलंय, त्यात वाचायचं काय?"

स्वयंपाकघरात स्वप्ना हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. असं पत्र कसं रद्द करून घ्यायचं, कुठे अर्ज द्यायचा, त्यात काय लिहायचं, हे अख्ख्या जिल्ह्यात दीनानाथांइतकं चांगलं कुणाला ठाऊक नव्हतं.

"दादा? ऐकू येतंय ना?"

"येतंय," दीनानाथ म्हणाले. "बरं केलंस. नोंदणीची पावती घेतलीस ना? ती जपून ठेव."