तिसरं घड्याळ

लोहा गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर रोज सकाळी सायकलवर भेटणारे मामा नांदेडला घड्याळाचं दुकान चालवतात. दोन वर्षांची ओळख, पण त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाही. बोलतात कमी, गुणगुणतात जास्त.

सायकल चालवताना हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ घ्यायला मी त्यांच्याकडं गेलो. त्यांनी तीन घड्याळं एकेक करून माझ्या मनगटावर बांधली. दर वेळी माझ्या दुसऱ्या हाताची नाडी बोटांनी धरून ते आकडा ताडून बघायचे. तिसऱ्या वेळी त्यांचं गुणगुणणं थांबलं.

"घड्याळ बराबर हाय. तुमची नाडीच मधी मधी चुकून राहिली."

"मग हेच द्या की," मी हसून म्हणालो.

"न्हाई. आधी डॉक्टर."

भर दुपारी दुकानाचं शटर ओढून ते स्वतः मला दवाखान्यात घेऊन गेले. दुखणं वेळेत सापडलं. डॉक्टरांनी तीन महिने सायकल बंद केली.

परवा परवानगी मिळाली, तर सकाळी मामा सायकल घेऊन माझ्या दारात हजर.

"हळू चालवू," ते म्हणाले. "मला बी दम लागून राहिला आजकाल."

त्यांना दम लागत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.